कोणाला लागले नाही, मग चुकले काय?



आम्ही उभयता मूळचे वसईचे. गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. सुट्टीत गावी आलो की रविवारच्या मिस्सानंतर हे पत्रक घरी नेतो आणि जेवण होईपर्यंत शेवटच्या पानापर्यंत वाचून काढतो. या खेपेस फादर म्हणाले, "तुम्ही तिकडचे काहीतरी लिहून द्या." तिकडचा नाताळ, तिकडची थंडी, चर्चमधली रिकामी बाके यांवर लिहिता आले असते. परंतु आमच्या मनात बरेच दिवस घोळत आहे ते थोडे लाजेचे आहे. तेच लिहितो.

२०१७ सालचा डिसेंबर, आगमनकाळातला पहिला रविवार. दहाच्या मिस्साला निघायला आम्हाला उशीर झाला होता. रस्ता रोजचाच. त्यावर एक शाळा लागते, शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग आहे, पुढे बसचा थांबा. वेगमर्यादा ताशी तीस मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. रविवारी शाळा बंद, रस्ता मोकळा. शाळा मागे पडली आणि मागून दोनदा पांढरा उजेड चमकला. कॅमेरा. आमचा वेग होता ३७ मैल, म्हणजे जवळजवळ साठ किलोमीटर.

गाडी आमच्यापैकी कोण चालवत होते ते आम्ही येथे लिहीत नाही. सरकारला ते लिहून दिले आहे, तेवढे पुरे. एकाचा पाय पेडलवर होता हे खरे, पण शेजारच्या सीटवरून "चला लवकर, प्रवेशगीत संपले असेल" हे घोकणेही चालूच होते. कायद्याच्या दृष्टीने चालक एकच. आमच्या दृष्टीने त्या सकाळी गाडी दोघेही चालवत होते.

दोन आठवड्यांच्या आत पोलिसांचे पत्र आले. गाडी ज्याच्या नावावर असते त्याला पत्र येते आणि त्यावेळी चालवणारी व्यक्ती कोण हे त्याने २८ दिवसांत लिहून कळवायचे असते. या मुदतीचा आणि या रिकाम्या जागेचा मोह फार मोठा असतो, हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हते.

त्या कॅमेऱ्याने गाडीचा फोटो मागून काढला होता. नंबरप्लेट दिसत होती, चेहरा नाही. आमच्यापैकी जो चालवत होता त्याची नोकरी पाळीची, रजा मिळणे कठीण. दुसऱ्याला आठवड्यात दोन दिवस मोकळे. एका जवळच्या स्नेह्याने फोनवर सहज सुचवले, "ज्याला वेळ आहे त्याचे नाव टाका. कोणाला कळणार आहे? आणि यात कोणाचे नुकसान आहे?" नवरा-बायकोत एकाने दुसऱ्याचे ओझे उचलायचे, यात वाईट ते काय, असेही वाटले. तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर सहा दिवस पडून होता. आम्ही ताटे त्याच्या कडेने मांडत होतो.

ब्रिटनमध्ये या गोष्टीवरून एक मोठे प्रकरण झाले होते. माजी ऊर्जामंत्री ख्रिस ह्यून यांची गाडी २००३ साली कॅमेऱ्यात सापडली. दंडाचे पॉइंट त्यांच्या त्यावेळच्या पत्नी विकी प्राइस यांनी आपल्या लायसन्सवर घेतले. पुढे संसार मोडला, गोष्ट बाहेर आली आणि मार्च २०१३ मध्ये न्यायालयाने दोघांनाही आठ आठ महिन्यांची कैद सुनावली. वेगासाठी नव्हे, न्यायाची दिशाभूल केली म्हणून. तर मग आम्ही सातव्या दिवशी खरे नाव लिहिले ते सत्याच्या प्रेमाने की तुरुंगाच्या भीतीने? प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्हींची भेसळ होती आणि भीतीचा वाटा मोठा होता. ख्रिस्तसभेची शिकवण अशा पश्चात्तापाला अपूर्ण म्हणते, पण टाकाऊ म्हणत नाही, हा आम्हा दुबळ्यांना दिलासा आहे.

मग दुसरे पत्र आले. त्यात निवड दिली होती. शंभर पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट, किंवा स्वतःच्या खर्चाने वेगाविषयीच्या प्रशिक्षणवर्गाला हजर राहायचे. फार वेग असेल तर ही सवलत मिळत नाही. तीस मैलांच्या रस्त्यावर साधारण ४२ मैलांपर्यंतच ती देतात, आणि तीन वर्षांत एकदाच. वर्गाची फी दंडाच्या आसपासच होती. म्हणजे पैशाचा फायदा नाही. पॉइंट मात्र लागत नाहीत, म्हणून बहुतेक जण वर्गच निवडतात. आम्हीही त्याच हिशेबाने निवडला. यात कसले आले मनपरिवर्तन!

वर्ग मार्च २०१८ मध्ये, म्हणजे उपवासकाळात, एका हॉटेलच्या सभागृहात भरला. (२०२० च्या साथीनंतर हे वर्ग मुख्यतः संगणकावरून होऊ लागले.) आमच्यापैकी एक आत बसला, दुसरा बाहेरच्या खोलीत कॉफी घेऊन चार तास थांबला. त्याला कोणी बोलावले नव्हते, पण घरी बसवेना.

आत वीस-बावीस माणसे. सूट घातलेले, रंगाचे डाग पडलेली पँट घातलेले, एक आजीबाई, एक नर्स, एक कुरिअर पोहोचवणारा तरुण. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, 'मी इथला नाही.' शिकवायला दोघे होते. त्यातल्या बाईंनी आरंभी प्रत्येकाला विचारले, काय झाले होते? उत्तरे ऐकण्यासारखी होती. रस्ता रिकामा होता. सगळेच त्या वेगाने जात होते. पाटी झाडामागे होती. मागचा ट्रकवाला अंगावर येत होता. सरकारला पैसे हवेत. आमची पाळी आली तेव्हा आम्ही म्हणालो, "चर्चला उशीर झाला होता." सभागृह हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "उशीर कुठे झाला? रस्त्यावर की घरी?"

उशीर घरी झाला होता. रविवारी सकाळी आम्ही वसईला आईला फोन करतो. तिकडे त्यावेळी दुपार झालेली असते, आईचे जेवण झालेले असते, आणि तिला सगळ्या गावाचे सांगायचे असते. त्या दिवशी फोन लांबला. आईशी बोलणे चांगले, मिस्साला जाणे चांगले. दोन चांगल्या गोष्टींच्या मधला दोन मैलांचा रस्ता तेवढा आम्हाला अडचणीचा वाटला. आमचा अनुभव असा की वाईट कामाला निघालेला माणूस निदान इकडेतिकडे बघत जातो. चांगल्या कामाला निघालेला सरळ सुटतो, कारण देव आपल्या बाजूने आहे अशी त्याची समजूत असते.

बाईंनी फळ्यावर हिशेब करायला लावला. दोन मैलांचे अंतर तीस मैलांच्या वेगाने चार मिनिटांत कापले जाते. ३७ च्या वेगाने सव्वातीन मिनिटांत. वाचली किती? पाऊण मिनिट. त्या पाऊण मिनिटासाठी आम्ही चार तास भरत होतो. कुरिअरवाला तरुण म्हणाला, "व्याज जास्त आहे." तेव्हा मात्र बाईही हसल्या.

मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. रस्त्यावर वेगाची पाटीच दिसली नाही, तर मर्यादा किती हे कसे ओळखाल? तेथे बसलेल्यांपैकी कित्येकांची लायसन्स तीस-तीस वर्षांची होती. एकालाही धड सांगता आले नाही. इंग्लंडमध्ये रस्त्याला दिव्यांचे खांब असतील आणि वेगळी पाटी नसेल तर मर्यादा तीस, हे त्याचे उत्तर. वस्तीतल्या रस्त्यांवर हा तीसचा नियम १९३५ पासून आहे, आमच्या आईवडिलांच्या जन्माच्याही आधीपासून. आम्ही ते खांब रोज पाहत होतो, आणि ते आमच्याशी काही बोलत आहेत याचा पत्ता नव्हता.

यानंतरचा भाग आम्ही अजून विसरलो नाही. तेथील वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तिकेत गाडी थांबायला लागणारे अंतर छापलेले असते. तीसच्या वेगाने जाणाऱ्या चालकाला समोर काही दिसले तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी ९ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर. एकूण २३ मीटर. चाळीसच्या वेगाला हेच अंतर ३६ मीटर होते. ब्रेकचे अंतर वेगाच्या पटीत वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. शाळेत हे शिकलो होतो, पण परीक्षेपुरते. बाईंनी सांगितले, आता तुमचा स्वतःचा वेग घ्या आणि हिशेब करा. आमच्या ३७ ला थांबण्याचे अंतर निघाले साधारण ३२ मीटर.

आम्हाला वाटले, म्हणजे नऊ मीटर जास्त. पण खरा हिशेब तो नव्हे. समजा समोर २३ मीटरवर एक मूल उतरले. तीसच्या वेगाने येणारी गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. मूल घाबरते, चालक घाबरतो, दोघे घरी जातात. आमची गाडी त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती उरलेला असतो? आम्ही कागदावर दोनदा मांडले. ताशी २४ मैल, सुमारे ३९ किलोमीटर. सात मैलांनी मर्यादा ओलांडली म्हणून सात मैलांचा धक्का बसेल, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात चोवीसचा बसतो, आणि तोही रस्ता कोरडा असेल तर. डिसेंबरमधल्या त्या सकाळी तो ओला होता.

मधल्या सुट्टीत आतला बाहेर आला. बाहेरच्याने विचारले, काय सांगतात? उत्तर म्हणून तो कागद पुढे केला. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही, कारण दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती.

आम्ही लहान असताना आमच्या गावातला एक मुलगा मुंबई–अहमदाबाद महामार्ग ओलांडताना सायकलसकट गाडीखाली आला. गाव धावले. चालक पळाला नाही, रस्त्याच्या कडेला डोके धरून बसला होता. लोकांनी त्याला बेदम मारले. पुढे कितीतरी वर्षे घरोघर त्या माणसाचा उल्लेख 'तो राक्षस' असाच होत असे, आमच्याही घरी. तो कोठला होता, त्याला कोण होते, हे कोणी विचारले नाही. हॉटेलच्या त्या खोलीत आम्हाला पहिल्यांदा वाटले, तो किती वेगाने येत असेल? कदाचित साठनेच. कदाचित त्यालाही कोणी शेजारून म्हणत असेल, "चला लवकर." त्याच्यात आणि आमच्यात फरक काय? त्याच्यासमोर एक मूल आले आणि आमच्यासमोर आले नाही. यात आमचे पुण्य कोणते?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला 'नैतिक नशीब' असे नाव दिले आणि त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. दोन माणसे सारखीच बेपर्वाई करतात, एकाच्या हातून जीव जातो, दुसऱ्याच्या हातून काहीच होत नाही. जग पहिल्याला गुन्हेगार म्हणते, दुसऱ्याला काही म्हणत नाही. हे न्याय्य आहे का? कायद्याला परिणाम पाहावाच लागतो आणि गेलेल्या मुलाच्या आईला 'दोघेही सारखेच' असे सांगायला आमची जीभ धजणार नाही. पण दुसऱ्या माणसाने स्वतःविषयी काय समजायचे? आम्ही ते दुसरे आहोत.

आपल्या श्रद्धेची शिकवण याबाबतीत आम्हाला वाटले होते त्याहून स्पष्ट निघाली. कॅथलिक कॅटेकिझममध्ये पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, २२९० व्या परिच्छेदात, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या वेडापायी रस्त्यावर स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्यांवर गंभीर दोष येतो, असे सांगितले आहे. तेथे 'अपघात झाल्यास' अशी अट नाही. धोक्यात घालणे हाच दोष. २००७ साली व्हॅटिकनच्या स्थलांतरितांसाठीच्या परिषदेने रस्त्यावरील जीवनासंबंधी मार्गदर्शिका काढली, तिच्यात चालकांसाठी दहा आज्ञा दिल्या होत्या. वर्तमानपत्रांनी त्यावर विनोद केले, आणि कबूल करतो, आम्हीही तेव्हा हसलो होतो. त्यातली पहिली आज्ञा 'खून करू नको' हीच आहे.

आमचे सात जास्तीचे मैल 'वेगाच्या वेडात' बसतात की साध्या निष्काळजीपणात, ते ठरवायला आम्ही धर्मपंडित नाही. उगाच पापभीरूपणाचा आव आणायचा नाही. पण पापनिवेदनाला जाण्याआधी आजवर आम्ही कितीतरी वेळा आत्मपरीक्षण केले आहे. रागावलो, शिवी दिली, मिस्सा चुकवली, हे सगळे आठवते. गाडी कशी चालवली हे एकदाही आठवले नाही. जणू स्टिअरिंग धरले की आज्ञा लागू होत नाहीत.

दंडाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हायफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू केला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले. आधी उशीर झाला की शिक्षिकेसमोर ओशाळे वाटे. आता पैसे टाकले की हिशेब मिटला. दंडाची किंमत झाली. आपल्याकडेही हेच दिसते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनांना वेगासाठी एक ते दोन हजार रुपये दंड ठरला, आणि लायसन्स निलंबित झालेल्या चालकाने उजळणी वर्ग पूर्ण करावा अशी तरतूदही आली. लग्नाच्या पंगतीत दंडाची गोष्ट चढाओढीने सांगितली जाते, "मोबाइलवर चलान आले, भरून टाकले." आम्हीही शंभर पौंड भरून मोकळे झालो असतो, तर तो आमच्या घाईचा दर ठरला असता. वर्गात पैशाने सुटका नसते. तेथे चार तास बसून आपल्याच वेगाचे गणित आपल्याच हाताने मांडावे लागते. तेवढ्याने सगळे सुधारतात असे आम्ही म्हणत नाही. सूटवाले गृहस्थ निघताना घड्याळ पाहत पार्किंगमधून ज्या रीतीने बाहेर पडले, ते पाहण्यासारखे होते.

त्या वर्षी पवित्र सप्ताहाआधी आम्ही दोघेही पापनिवेदनाला गेलो आणि दोघांनीही, आधी न ठरवता, हेच सांगितले. फादर वयस्कर आयरिश. आमच्यापैकी एकाला त्यांनी विचारले, "कोणाला लागले का?" नाही म्हटले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीही त्याच रस्त्याने येतो." एवढेच. नंतर त्यांनी पापमुक्ती दिली. आमच्यापैकी दुसऱ्याला त्यांनी प्रायश्चित्त म्हणून त्या रस्त्यावर जे कोणी चालतात त्यांच्यासाठी एक 'आमच्या बापा' म्हणायला सांगितले.

त्या रविवारी आम्ही घरून वीस मिनिटे आधी निघालो. आईला सांगून ठेवले होते की आता फोन मिस्सानंतर येईल. ती थोडी रुसली. शाळेजवळ गाडी उभी केली आणि झेब्रा क्रॉसिंगपासून मागे पावले मोजत गेलो. २३ मीटर म्हणजे आमची तीसेक पावले, बसथांब्याच्या अलीकडे संपतात. ३२ मीटर थांब्याच्याही मागे जातात. त्या दोन जागांच्या मधे कोणाच्या तरी बागेचे लाकडी फाटक आहे. इतक्या वर्षांत आम्ही ते पाहिले नव्हते. फाटकाच्या आत एक लहान तीनचाकी सायकल आडवी पडली होती.